उजव्या बाजूनं बोला

उन्हाळा लागला की माझा डावा कान वाजायला लागतो. बाहेरचं ऐकणं त्या कानानं कधीच सोडून दिलंय, आतलं मात्र तो ऐकवत राहतो. तारेच्या खांबाला कान लावल्यावर यायचा ना, तसला एकसुरी आवाज. डॉक्टर म्हणतात, ऋतूशी त्याचा काही संबंध नाही. नसेलही. पण अंगणातल्या लिंबाचा मोहर गळून पायरीवर सडा पडला, कोपऱ्यावरच्या रसवंतीचे घुंगरू वाजू लागले, दुपारी परभणीचे रस्ते संचारबंदी असल्यासारखे ओस पडले, की तो सुरू होतो. आणि मला हाताला धरून त्या एका उन्हाळ्यात नेऊन बसवतो.

तेव्हा मी याच जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी टेलिफोन एक्सचेंजमध्ये सुपरवायझर होते. गावाचं नाव सांगत नाही, त्या गोष्टीतली माणसं अजून आहेत. आता प्रत्येकाच्या खिशात फोन असतो. तेव्हा औरंगाबादला नाहीतर मुंबईला बोलायचं, तर आमच्याकडे ट्रंक कॉल बुक करून वाट बघत बसावं लागे. घाई असेल तर अर्जंट, जिवावरची गोष्ट असेल तर लाइटनिंग. आम्ही बायका बोर्डासमोर उंच स्टुलांवर ओळीनं बसायचो. डोक्यावर हेडसेट, हातात कॉर्ड, समोर नंबरांच्या भोकांच्या रांगा. दिवा लागला की प्लग खुपसायचा आणि विचारायचं, "नंबर प्लीज." खिडकीला वाळ्याचा पडदा होता. त्यावर पाणी मारलं की घटकाभर सगळ्या खोलीला वाळ्याचा वास यायचा. मग तो उडून जायचा आणि तापलेल्या तारांचा वास परत यायचा.

हेडसेट मी वर्षानुवर्षं डाव्या कानावर लावला. पावसाळ्यात कुठं दूर वीज कडाडली तरी तारेतून येऊन कानात चाबूक बसावा तसं व्हायचं. हळूहळू त्या बाजूचं जग मंद होत गेलं. आधी कुजबुज गेली, मग बोलणं गेलं. मला कळलं तेव्हा मी नुकतीच सुपरवायझरच्या खुर्चीवर बसले होते.

त्या खुर्चीचं थोडं सांगायला हवं. आमच्या बौद्ध वस्तीतली बाई तिथं बसली, ही गावात बोलायची गोष्ट झाली होती. विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव होऊन वर्षं लोटली होती, पण नाव काही बदललं नव्हतं. भिंतींवर दोन्हीकडच्या घोषणा अर्धवट पुसलेल्या. अठ्ठ्याहत्तरच्या दंगलीत माझ्या मामाचं घर जळालं होतं. मामी त्यानंतर कितीतरी दिवस चूल पेटवताना दचकायची. असल्या दिवसांत मी खुर्चीवर बसले की पाठ ताठ ठेवायची. चुकायचं नाही, थकायचं नाही, दोनदा विचारायचं नाही. आमचे मालक शाळेत मास्तर होते. कानाचं त्यांना सांगितलं तेव्हा त्यांनी तपासायच्या वह्या बाजूला ठेवल्या. मग म्हणाले, "दुसऱ्या कुणाचं असतं तर गोष्ट वेगळी. आपलं दुखणं आपण घरात बोलावं."

मी तसंच करत होते. पण दडवलेलं दुखणं काही एका जागी बसत नाही.

एक दिवस सुलभानं मला बाजूला घेतलं. सुलभा माझ्याहून थोडी लहान, देवगाव फाट्याजवळच्या शेतकरी घरातली, हसरी, हाताची चपळ. जेवताना माझ्या डब्यातली भाकरी ती न विचारता उचलायची. त्या वर्षांत ही साधी गोष्ट नव्हती, म्हणून ती मला अधिकच जवळची वाटायची. ती म्हणाली, "ताई, नसरीन तुमच्यावर लय नाराज हाय. आईच्या डोळ्याच्या आपरेशनसाठी तिनं सुट्टी मागितली, दोनदा. तुमी मान बी वळवली न्हाई म्हणं."

नसरीन आमच्यातली सगळ्यात अबोल मुलगी. ती हळू बोलायची आणि नेमकी माझ्या डावीकडून येऊन बोलायची. मला ऐकूच आलं नव्हतं. आणि ती बिचारी समजत होती की बाईनं आपल्याला हिंग लावूनसुद्धा विचारलं नाही.

दुपारी पाळी बदलताना सगळ्याजणी खोलीत असायच्या. त्या दिवशी मी उभी राहिले. म्हटलं, "मला डाव्या कानानं ऐकू येत नाही. उजवा चांगला आहे. मी उत्तर दिलं नाही तर तो राग समजू नका. उजव्या बाजूनं बोला. आणि नंबर सांगताना माझ्याकडून बावीसचं बत्तीस झालं, तर तिथल्या तिथं मला टोका."

पंख्याचा आवाज तेवढा येत होता, तोही अर्धाच. मला वाटलं, संपलं. मग नसरीन पुढं आली, माझ्या उजवीकडं उभी राहिली आणि म्हणाली, "मैं समझी आप मेरे से खफा हैं, मॅडम." तिचे डोळे भरले होते. आणि लगेच सुलभा म्हणाली, "आता सांगायचंच तर माझं बी ऐका. मुंबईची ती बाई इंग्रजीत भराभरा बोलायली की मला काडीचं कळत न्हाई. मी नुसतं येस येस करायले." सगळ्याजणी खदखदून हसल्या. त्या खोलीत इतकं मोठं हसणं मी त्याआधी ऐकलं नव्हतं.

माझ्या आधीचे सुपरवायझर कडक होते. त्यांच्या वेळी चूक झाली की ती गिळायची रीत होती. भलताच नंबर लागला तर "पार्टी उचलत नाही" म्हणायचं आणि मोकळं व्हायचं. त्या दुपारनंतर ते बदलत गेलं. कुणी म्हणे, ताई, मी तोडू नये तो कॉल तोडला, त्यांना परत लावून देते. कुणी म्हणे, आज डोकं चालेना, मला जरा कमी गर्दीच्या बोर्डावर बसवा. मुंबईचा दिवा लागला की सुलभा शेजारणीला कोपरानं ढोसायची आणि शेजारीण तो कॉल घ्यायची. मला काही ऐकू आलं नाही तर कुणीतरी टेबलावर बोट वाजवायचं. बाहेर खिडकीशी येणारे व्यापारी म्हणू लागले, हल्ली बाई, कॉल लवकर लागायले. दुपारी आम्ही कैरीला तिखटमीठ लावून खायचो. नदीतल्या वाळूवरचं टरबूज कुणी आणलं की बोर्डावरचीनं एका हातानं प्लग खुपसायचा आणि दुसऱ्या हातात फोड. पाठ ताठ ठेवायचं मी विसरून गेले. माणसाला आपल्या खुर्चीत मागं टेकून बसता येतं, हे मला त्या उन्हाळ्यात कळलं.

म्हणूनच तो उन्हाळा मला पुरता विसरता येत नाही. नुसता वाईट असता तर केव्हाच टाकून दिला असता.

वैशाखात एक दाट लग्नतीथ होती. सगळ्या जिल्ह्याला त्या दिवशी एकमेकांशी बोलायचं होतं. वऱ्हाड निघालं का, बँडवाला पोचला का, येलदरीकडची मासे-भाकरी खाणारी पाहुणेमंडळी कुठल्या गाडीनं येणार. मी बाहेर खिडकीशी होते. तिथं बुकिंगवाल्यांचा गलका चालला होता आणि मी एकेकाला शांत करत होते. आत बोर्डावर सुलभा.

औरंगाबादच्या दवाखान्यातून वालूरला लाइटनिंग कॉल आला. वालूरचे अण्णा म्हणून एक बागायतदार होते, त्यांची लेक बाळंतपणाला तिकडं होती. ती अत्यवस्थ होती आणि जावई फोन करत होता. नंबर बत्तीस. सुलभानं ऐकला बावीस. बावीस म्हणजे वालूरचं एक दुकान, लग्नामुळं बंद. घंटी वाजत राहिली. सुलभानं सांगितलं, "पार्टी उचलत नाही." जावयानं पुन्हा लावला, तिनं पुन्हा तेच सांगितलं. संध्याकाळी नसरीन पाळीवर आली, तिनं नंबर नीट विचारून घेतला आणि फोन एका दमात लागला. अण्णा मिळेल त्या जीपनं निघाले. ते पोचायच्या आत लेक गेली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुलभा माझ्यासमोर येऊन ढसाढसा रडली. नसरीन तिथंच होती. "ताई, बत्तीस म्हणला होता तो. मी बावीसच लावत बसले. बापाला लेकीचं तोंड बघता आलं न्हाई माझ्यापायी." मी तिच्या पाठीवरून हात फिरवला. तिनं लपवलं नव्हतं, येऊन सांगितलं होतं. त्या दुःखातही मला तिचा अभिमान वाटला, हे खरं आहे. मी म्हणाले, "चौकशी होईल. तू आहे तसं सांग. बोर्डावर गर्दी किती होती ते मी सांगते. तुझ्या मागं मी उभी आहे."

लेकीचे दिवस झाल्यावर अण्णा आले. पटका विस्कटलेला, डोळे कोरडे. बरोबर गावातली चारदोन माणसं. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी हळूच विचारलं, "माझा फोन कुणी अडवला, बाई?"

मागं सुलभा स्टुलावर दगडासारखी बसली होती. मी तिच्याकडं बघितलंसुद्धा नाही. म्हणाले, "अण्णा, फोन आमच्याकडं अडला. इथली प्रमुख मी. चूक आमची झाली. तुमचं नुकसान भरून निघायचं नाही. मी हात जोडते."

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी माठातलं पाणी पुढं केलं. "पाणी नगं," ते म्हणाले. ते नकार देणं दुःखाचं होतं की दुसऱ्या कशाचं, मला कळलं नाही. त्या वर्षांत ते कळायची सोय नव्हती. ते पायऱ्या उतरून गेले. त्यांच्याबरोबरचा एकजण मात्र दारात थांबून मोठ्यानं म्हणाला, "नामांतरवाली बाई बसविली का असंच व्हायचं. मुद्दाम केलं हिनं."

हे वाक्य गावात आमच्यापेक्षा लवकर फिरलं. बाजारात, बसस्टँडवर, शाळेत मालकांच्या कानावर. मालक घरी आले, टोपी खुंटीला अडकवली आणि एवढंच म्हणाले, "दोन दिवस वस्तीबाहेर एकटी जाऊ-येऊ नकोस."

चौकशीला वरून साहेब आले. बोलायला गोड होते. त्यांनी आम्हा सगळ्यांना एकत्र बसवलं आणि विचारलं, औरंगाबादचा नंबर कुणी घेतला? मी सुलभाकडं बघितलं. मनात म्हटलं, बोल बाई, मी आहे.

सुलभा खाली बघत म्हणाली, "मॅडमनी घेतला होता, सर. त्यांनी सांगितला तोच मी लावला. त्यांना डाव्या कानानं ऐकू येत नाही. त्यांनीच सगळ्यांसमोर सांगितलंय, बावीसचं बत्तीस होतं म्हणून."

शब्द माझेच होते. माझ्याच तोंडचे, मीच उभं राहून बोललेले. तिनं ते नीट घडी घालून ठेवले होते आणि आता साहेबांपुढं उलगडून दाखवत होती.

साहेबांनी नसरीनला विचारलं, "कानाचं खरं आहे?"

नसरीन म्हणाली, "जी. खरं आहे." साहेबांनी पुढं काही विचारलं नाही आणि तीही पुढं काही बोलली नाही.

मी म्हणाले, "नंबर मी घेतला नव्हता. मी बाहेर खिडकीशी होते."

"पण ऐकू येत नाही, हे खरं ना?"

"खरं."

"आणि त्या गृहस्थांना तुम्ही म्हणालात, चूक आमची, ते?"

"तेही खरं."

"मग?" साहेबांनी हात पसरले. त्यांच्या लेखी गोष्ट संपली होती. एकेक खरं वेचून त्याचं एवढं मोठं खोटं विणता येतं, हे मी त्या दिवशी उघड्या डोळ्यांनी पाहिलं.

माझ्या कानाची तपासणी झाली. खुर्ची गेली. मला परभणीला बिलांच्या विभागात पाठवलं, तिथं म्हणे ऐकण्याचं काम कमी. माझ्या जागी सुलभा बसली. निघताना मी कपाटातला माझा पाण्याचा तांब्या उचलला. कुणी बोर्डावरून मान वळवली नाही. दिवे लागत होते आणि त्या "नंबर प्लीज, नंबर प्लीज" म्हणत होत्या. त्या आवाजांतला एकही आवाज अडखळला नाही, याचं मला आजही दुःख आहे. जातीवरून बोलणाऱ्या त्या दारातल्या माणसाचा मी कधी राग धरला नाही. तो परका होता, परक्यासारखा वागला. माझी भाकरी त्यानं खाल्ली नव्हती.

पुढच्या रमजान ईदनंतर नसरीन परभणीला घरी आली. शीरखुर्म्याचा डबा पुढं ठेवला आणि उंबऱ्याजवळच बसली. "मैं डर गई थी, मॅडम," म्हणाली. "टेंपररी थी ना मैं." मी तिला काय बोलणार? भीती वाटते ती सांगावी, हे मीच तर तिला शिकवलं होतं. तिनं सांगितली, फक्त उशिरा. मी शीरखुर्मा खाल्ला. तिच्या आईचा डोळा बरा झाला होता. त्याचं खरंच बरं वाटलं.

परभणीत मी कुणाला काही सांगितलं नाही. डावीकडून कुणी बोललं तर नुसतं हसायची. जिथं हसायचं नाही तिथंही हसले असणार, कारण विभागात माझं नाव "माजोरी बाई" पडलं. ते मला चाललं. मालकांनी "मी म्हणालो होतो ना" असं एकदाही म्हटलं नाही. म्हणाले असते तर भांडून मोकळी झाले असते. चौऱ्याण्णवच्या संक्रांतीला विद्यापीठाचा नामविस्तार झाला. वस्तीत दिवे लागले, पेढे वाटले, मामी खूप रडली. मी त्या गर्दीत उभी होते आणि लोक काय बोलतायत ते मला कळत नव्हतं. कुणाला उजवीकडं ये म्हणायचंही धैर्य उरलं नव्हतं. आपल्याच माणसांच्या आनंदात मी मान डोलवत उभी राहिले. घरी आल्यावर मला स्वतःची कीव आली, आणि मग रागही आला. माझा एक कान गेला होता. दुसरा सुलभानं नेला की काय?

काही दिवसांनी विभागात एक नवीन मुलगी माझ्या हाताखाली आली. तिच्याकडून काहीतरी चुकलं होतं आणि ती ते दडवत होती. दडवणाऱ्याचा चेहरा मी लांबून ओळखते. मी तिला बोलावलं, आणि तिचं काही काढण्याआधी माझं सांगितलं. ती माझ्या उजवीकडं येऊन बसली आणि हळूहळू बोलू लागली. त्या मुलीनं मला कधी दगा दिला नाही. पण ती देणार नाही म्हणून मी सांगितलं नव्हतं. दार उघडं ठेवलं म्हणून चोरीचं पाप घरधन्याच्या माथी लागत नाही, एवढं समजायला मला इतकी वर्षं लागली.

समजलं म्हणून दुखायचं थांबलं असं मात्र नाही.

गेल्या उन्हाळ्यात सेलूला एका लग्नाला गेले होते. मंगल कार्यालयात मांडवाखाली बसले होते, डीजे छाती हलवत होता. एक बाई येऊन माझ्या उजवीकडच्या खुर्चीवर टेकली. केस पांढरे, हाताला थोडा कंप. सुलभा. ती वराकडची निघाली. आम्ही पोराबाळांचं बोललो, गुडघ्यांचं बोललो. मग तीच पुढं झुकून म्हणाली, "ताई, एक सांगू का? लोक तवा काय काय बोलायलते तुमच्याबद्दल. मुद्दाम केलं म्हणायलते. तुमचं घर जाळतेत का काय असं झालतं. मी म्हणलं न्हाई, मुद्दाम न्हाई केलं, त्यान्ला ऐकूच येत न्हाई. वाचिवलं मी तुमाला."

ती खोटं बोलत नव्हती. इतक्या वर्षांत तिनं ते स्वतःला इतक्यांदा सांगितलं होतं की आता तिचा त्यावर विश्वास बसला होता. कदाचित त्यात कणभर खरंही असेल. दंगल झाली नाही, आमचं घर शाबूत राहिलं. तेवढ्या एका कणानं ती सुखानं झोपत आली होती.

मी विचारलं, "सुलभा, नंबर कुणी घेतला होता?"

तिनं कानाशी हात नेला. "काय म्हणलाव, ताई? डीजेत काईच ऐकू येईना."

तेवढ्यात मंगलाष्टकांसाठी डीजे बंद झाला. सगळा मांडव एकदम शांत. लोक हातात अक्षता घेऊन उभे राहिले. मी बसूनच होते. तोच प्रश्न मी पुन्हा विचारला, सावकाश, स्पष्ट, पुढच्या दोन रांगांतल्या माणसांनी वळून बघावं इतक्या मोठ्यानं.

सुलभा उठली. पदर खांद्यावर घेतला. नवरानवरीकडं बघत, ओठ फारसे न हलवता म्हणाली, "मी."

मग अक्षता टाकायला ती गर्दीत पुढं गेली.